बूड आधी बघावं

माझ्या धंद्यातला पहिला धडा असा:
वस्तू हातात आली की उलटी करायची.
तोंड कुणाचंही गोड बोलतं,
बूड खोटं बोलत नाही.

एस्तेर रणभिसेनं पिशवीतून काढलं
हॉस्पिटलच्या जुन्या चादरीत गुंडाळलेलं
हातभर लाकूड.
डोळे वटारलेले, जीभ बाहेर,
आखूड पाय गुडघ्यात वाकलेले,
सांगलीची बस सुटायच्या आत पळायच्या बेतात असल्यासारखे.
"मिशनच्या बंगल्यातलं आहे.
मडम जाताना आईला देऊन गेली.
आम्ही दाराला लावायचो, वाऱ्यानं आपटतं म्हणून.
भाचा म्हणतो, बाहेर याचे लाख येतात."

तिकी म्हणतात याला, मी सांगितलं.
पार पॅसिफिकातल्या बेटांवरचा कुणी मूळपुरुष.
पण देव म्हणून घडले त्यापेक्षा जास्त
दारूच्या गुत्त्यांच्या शोभेसाठी घडले,
एकोणीसशे साठच्या आगेमागे, डझनाच्या भावात.
खरा जुना असला तर भेग आतून बाहेर येते.
नवा जुना केलेला असला
तर कानामागे बूटपॉलिशचा वास राहतो.
मशीन शेवटपर्यंत एकसारखं चालतं,
हात थकतो,
आणि थकलेला दिसतो.

नख लावलं, भिंग लावलं, ओला कापूस फिरवला.
बुडाशी दोन अक्षरं होती, घासून गेलेली;
कुणी कोरली, की शहाबादी फरशीनं काढली, कळेना.
मनातला आकडा चढत चालला होता.
खोटं कशाला बोलू,
तिला सांगायचा आकडा वेगळा होता.

लाकडातलं मात्र मला कळत नाही.
म्हणून दोघी गेलो सतारमेकरांच्या गल्लीत.

मकबूलसाब भोपळा घासत बसले होते.
टिचकी मारली. कान लावला.
"तुण नाही. साग तर नाहीच नाही."
बुडाशी चिमूटभर तासलं, हुंगलं,
आणि चपला घालून उठले.
हॉस्पिटलच्या रस्त्याला
ज्याच्या चिकट शेंगा रिक्षांच्या टपावर पडतात
त्या विलायती शिरीषाखाली उभे राहून म्हणाले,
"हे. हेच."

मी म्हटलं, तिकडेही हेच झाड आहे, साहेब,
त्या बेटांवर. याचेच वाडगे करतात, याचेच पुतळे.
यानं काय सिद्ध होतं?

काही बोलले नाहीत.
दुकानात येऊन पेटीतली एक कोरणी काढली,
सतारीवर वेलाची पानं उठवायची,
अर्ध्या चंद्राच्या धारेची, त्यांच्या आजोबांच्या वेळची,
आणि त्या जिभेवरच्या खाचेत टेकवली.
चावी कुलपात बसावी तशी बसली.

मडमेनं एखाद्या मासिकातलं चित्र दाखवलं असेल.
मिरजेतल्या कुणीतरी मान डोलावली असेल.
"आमच्यातलाच," मकबूलसाब म्हणाले, "पण डावखुरा.
बघा, सगळे घाव उजवीकडून येतात.
आणि डाव्या कानाशी दिवस मावळला त्याचा,
तिथं घाई आहे."

"कोण होता?" एस्तेरनं विचारलं.
"डावखुरा आमच्यात कुणी नव्हता.
निदान सांगितलेला तरी नाही."

आता आकडा.
बेटावरचा नाही, म्हणजे लाखाची गोष्ट संपली.
गुत्त्यातला नाही, म्हणजे हजारांचीही.
लाकडाचे तीनशे, मी म्हटलं.
मकबूलसाब म्हणाले, मी हजार देतो.
मी बाराशे म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही.
एस्तेरनं चादर झटकली,
त्याला पुन्हा गुंडाळलं, जीभ आत दाबावी तसं,
आणि म्हणाली, "मग दाराला काय लावू?"

तिला रिक्षात बसवलं.
भिंग विसरलं म्हणून परत आले
तर मकबूलसाबांनी कोरणी डाव्या हातात धरलेली,
एक पान बिघडलेलं,
दुसरं सुरू.